पेसमेकर चुकीचं ऐकतो तेव्हा

पेसमेकर बसवून पेशंट घरी आला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. ठोके मंदावले होते, चक्कर येत होती, आता मशीन बसलं, काळजी मिटली. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण काहीजणांची थोड्याच दिवसांत वेगळी तक्रार सुरू होते. मानेतल्या शिरा उडतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, बसल्या जागी छाती अचानक पळायला लागते, नाहीतर चार पायऱ्या चढल्यावर पायातली ताकदच जाते. 'मशीन आहे ना आत, मग आता कसली धडधड? मनातून काढून टाका,' असं त्यांना सांगितलं जातं. हे सांगणं चुकीचं आहे, आणि कधीकधी धोक्याचंही. हृदयाचा ताल सांभाळण्यासाठी बसवलेलं यंत्र स्वतःच ताल बिघडवू शकतं. त्यातले कितीतरी बिघाड वेळीच ओळखले तर पुन्हा चाकू न लावता, नुसत्या सेटिंगमध्ये बदल करून दूर होतात. म्हणून पेशंटची तक्रार ऐकून घेणं फार महत्त्वाचं आहे.

निरोगी हृदयात ठोक्याची सुरुवात उजव्या वरच्या कप्प्यातल्या एसए नोडपासून होते. तिथून निघालेली वीज वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, आकुंचित करते. मग ती एव्ही नोडपाशी सेकंदाचा दहावा भाग थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, खास तंतूंच्या जाळ्यातून झपाट्याने पसरते. थबकण्याचा तो क्षण फार मोलाचा. तेवढ्या वेळात वरचं रक्त खाली उतरतं. एसए नोड थकला किंवा मधली वाट तुटली की ठोके मंदावतात आणि तिथे पेसमेकर लागतो. हासळीच्या हाडाखाली कातडीच्या आत ठेवलेली वीस-तीस ग्रॅमची एक चपटी डबी, तिच्यात लिथियमची बॅटरी आणि सर्किट, आणि तिथून शिरेवाटे हृदयात उतरलेली एक किंवा दोन लीड. लीड म्हणजे आवरणात गुंडाळलेली बारीक तार. तिचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीला टेकलेलं असतं.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इस्पितळात सर्जन ऑके सेनिंग यांनी, इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. संपूर्ण यंत्र शरीराच्या आत बसवण्याची ती पहिली वेळ. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. तरी लार्सन जगले, २००१ सालापर्यंत जगले, आणि दरम्यान त्यांना वीसहून अधिक यंत्रं बदलावी लागली. त्या सुरुवातीच्या पेसमेकरांत एक मोठी उणीव होती. ते ठरलेल्या गतीने ठोका देत राहायचे, पण हृदय स्वतः काय करतंय हे त्यांना कळतच नसे. गायकाकडे कान न देता टाळ कुटत राहणाऱ्या टाळकऱ्यासारखी ती अवस्था. हृदयाचा स्वतःचा ठोका मध्येच परत आला, आणि अनेक पेशंटमध्ये तो येत-जात असतो, की एकाच हृदयात दोन ताल सुरू व्हायचे.

हा नुसता गोंधळ नव्हता. ठोका पडून गेल्यावर जवनिकांचे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होत असतात. ईसीजीवर तिथे टी नावाची लाट दिसते. त्या लाटेच्या माथ्याजवळ एक नाजूक क्षण असतो. नेमक्या त्या क्षणी बाहेरची वीज पडली तर खालचे कप्पे आकुंचन सोडून नुसते थरथरायला लागतात, रक्त पुढे जात नाही, आणि मदत मिळाली नाही तर काही मिनिटांत माणूस दगावतो. वाचवायला बसवलेल्या यंत्राकडूनच हे घडू शकत होतं. यावर उपाय शोधला अमेरिकेतले इंजिनिअर बारूक बर्कोविट्स यांनी. १९६०च्या दशकात त्यांनी असा पेसमेकर घडवला, जो आधी ऐकतो आणि हृदयाचा ठोका ठरलेल्या वेळेत आला नाही तरच आपला देतो. आजचा प्रत्येक पेसमेकर याच तत्त्वावर चालतो.

पण ऐकायला लागलं की चुकीचं ऐकण्याची शक्यताही आली. आजचे ताल-बिघाड समजून घ्यायचे तर इथून सुरुवात करावी लागते. लीडच्या टोकाला येणारा संदेश काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. त्यातून हृदयाचा ठोका कोणता, छातीच्या स्नायूची हालचाल कोणती आणि बाहेरची ढवळाढवळ कोणती, हे यंत्राला ओळखायचं असतं. लीड जागेवरून सरकली की त्याला हृदयाचा ठोका ऐकू येत नाही आणि ते नको तिथे ठोका देत बसतं. उलट, नसलेला ठोका ऐकू आला तर 'हृदय चालू आहे' असं समजून ते गप्प राहतं. ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी दोन-चार सेकंदांची ही शांतता म्हणजे कोसळून पडणं. काही पेशंट कातडीखालची डबी नकळत बोटांनी फिरवत राहतात. त्यामुळे लीड डबीभोवती गुंडाळत वर ओढली जाते आणि हृदयातलं टोक सुटतं. १९६८ सालापासून वैद्यकीय लेखनात या प्रकाराची नोंद आहे. म्हणूनच बसवलेल्या जागेशी चाळा करू नका असं बजावलं जातं.

दोन लीडच्या पेसमेकरमधला एक बिघाड मला सर्वांत बोलका वाटतो. हे यंत्र वरच्या कप्प्याचा ठोका ऐकतं, साधारण सेकंदाचा सातवा-आठवा भाग थांबतं, आणि खालचा कप्पा आपणहून हलला नाही तर त्याला ठोका देतं. निसर्गाचीच ही नक्कल. आता समजा, खालच्या कप्प्यात एखादा आगाऊ ठोका पडला. असे चुकार ठोके धडधाकट माणसालाही पडतात. ती वीज काहीजणांत एव्ही नोडमधून उलट्या दिशेने वर चढते. वरून खाली येणारी वाट बंद असली तरी खालून वर जाणारी उघडी असू शकते, हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण तसं अनेकांत असतं. वर पोचलेली ही वीज पेसमेकर ऐकतो, वरच्या कप्प्याचा नवा ठोका आला असं समजतो आणि खाली ठोका देतो. तो ठोका पुन्हा उलटा वर चढतो. यंत्र पुन्हा ऐकतं, पुन्हा देतं. यंत्राचा स्वतःचाच ठोका फिरून त्याच्याकडे येत राहतो आणि चक्र थांबत नाही. खुर्चीत निवांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला १२० किंवा १३० वर जाऊन तिथेच अडकते, कारण यंत्राला घालून दिलेली कमाल मर्यादा तेवढीच असते.

यावरचा उपाय सुंदर आहे. प्रत्येक खालच्या ठोक्यानंतर यंत्राचा वरच्या कप्प्याकडचा कान थोडा वेळ बंद ठेवायचा, म्हणजे उलट आलेली वीज त्याला ऐकूच येत नाही. हा बंद काळ सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास असतो आणि तो बाहेरून, प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने, वाढवता येतो. आजचे बरेच पेसमेकर असं चक्र सुरू झाल्याचा संशय आला की एखाद्या ठोक्यापुरता कान आपणहून जास्त वेळ बंद ठेवतात आणि चक्र तोडतात. इस्पितळात डबीवर विशिष्ट चुंबक धरला तरी ते तुटतं, कारण चुंबकाखाली बहुतेक पेसमेकर ऐकणं थांबवून ठरावीक गतीने ठोके देतात. घरी मात्र हा प्रयोग कुणी करू नये.

कान जास्त वेळ बंद ठेवण्याचीही किंमत असते. तरुण, कष्टाची कामं करणारा माणूस धावला की वरच्या कप्प्याचे ठोके वाढतात. ते एका मर्यादेपलीकडे गेले की दर दुसरा ठोका त्या बंद काळात पडतो आणि यंत्राला ऐकू येत नाही. १४० वर गेलेली नाडी एका क्षणात ७० वर येते. माणूस सांगतो, 'पळता पळता पाय गळाले.' त्याचं बोलणं अक्षरशः खरं असतं. ट्रेडमिलवर चालवून पाहिलं तर हे दिसतं, नुसत्या पडून काढलेल्या ईसीजीत कधीच दिसत नाही. तसंच काही पेसमेकरांत हालचाल ओळखून गती वाढवणारा सेन्सर असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत किंवा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाची नाडी काही न करता वाढते, ती या सेन्सरला धक्के म्हणजे चालणं वाटल्यामुळे. त्याची संवेदनक्षमताही कमी करता येते.

एकाच लीडच्या, फक्त खालच्या कप्प्याला ठोका देणाऱ्या पेसमेकरची अडचण निराळी. त्याचा वरच्या कप्प्याशी काही संबंध नसतो. वरचा कप्पा आकुंचित व्हायला आणि मधल्या झडपा बंद असायला एकच वेळ आली, की रक्त खाली जाण्याऐवजी मागे, मानेच्या शिरांत उसळतं. मानेतली ती धडधड, दम, थकवा, उभं राहिल्यावर घेरी, या सगळ्याला मिळून पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. एसए नोडच्या आजाराच्या २,०१० पेशंटवर अमेरिकेत झालेल्या मोस्ट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तिच्यात एका कप्प्याच्या पेसिंगवर असलेल्या सुमारे १८ टक्के पेशंटमध्ये हा सिंड्रोम इतका होता की त्याची रीतसर नोंद करावी लागली. मानेत धडधडतं म्हणणाऱ्या पेशंटला 'मनातून काढून टाका' सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तरीही सर्वांत मोठा धक्का दुसऱ्याच गोष्टीने दिला. वर्षानुवर्षं लीडचं टोक उजव्या जवनिकेच्या तळाशी टेकवलं जायचं, कारण तिथे ते पक्कं बसतं. तिथून दिलेली वीज मात्र निसर्गाच्या जलद तंतूंऐवजी स्नायूमधून, हळूहळू, उजवीकडून डावीकडे सरकते. हृदयाची एक भिंत आकुंचित होऊन जाते तेव्हा समोरची नुकती सुरुवात करत असते. नाडी पाहिली तर नियमित, ईसीजीवर प्रत्येक ठोका जागच्या जागी, आणि तरी दोन भिंतींचा मेळ नाही. दोन लीडमुळे हृदयाचं काम अधिक नैसर्गिक होईल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. २००२ मध्ये डेव्हिड चाचणीने उलटं दाखवलं. आयसीडी, म्हणजे जीवघेणी थरथर शॉकने थांबवणारं यंत्र, बसवलेल्या, पण पेसिंगची खरी गरज नसलेल्या ५०६ पेशंटचे दोन गट केले. एका गटाचं यंत्र नाडी ४०च्या खाली गेली तरच मदत करायचं, दुसऱ्याचं ७०च्या गतीने दोन्ही कप्प्यांना ठोके द्यायचं. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, यांतलं काहीही न झालेले पेशंट पहिल्या गटात ८३.९ टक्के होते, दुसऱ्यात ७३.३ टक्के. जास्त मदत करणारं यंत्र जास्त नुकसान करत होतं. पुढच्याच वर्षी मोस्ट चाचणीच्या आकडेवारीतून दिसलं की ज्यांना ४० टक्क्यांहून अधिक ठोके यंत्र खालच्या कप्प्यात देतं, त्यांना हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका सुमारे अडीच पट होतो. कर्णिकांची अनियमित थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, होण्याची शक्यताही अशा पेसिंगबरोबर वाढत जाते.

या निष्कर्षांनी पेसमेकरकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गरज नसेल तिथे गप्प राहा, हृदयाची स्वतःची वाट उघडी असेल तर तिलाच काम करू द्या, असे प्रोग्रॅम आले. आणि ज्यांना सतत पेसिंग लागतंच, त्यांच्यासाठी वीज निसर्गाच्याच तंतूंत सोडता येईल का, हा शोध सुरू झाला. अमेरिकेत पेन्सिल्वेनियात काम करणारे डॉ. प्रमोद देशमुख यांनी २००० मध्ये हिस बंडल या मुख्य तंतूत कायमची लीड बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हा ते काम फार किचकट होतं, टोक नेमक्या जागी बसवायला कसब लागायचं. २०१७ मध्ये चीनमधल्या वेन्झोऊ इथले डॉ. वेइजिआन हुआंग यांनी लीड जरा आत, त्याच तंतूच्या डाव्या शाखेजवळ रोवण्याची रीत मांडली. ती तुलनेने सोपी असल्याने झपाट्याने पसरली, भारतातही पसरली. पेसमेकर बसवायची वेळ आलीच, आणि तो बहुतेक सगळा वेळ चालावा लागणार असेल, तर 'या पद्धतीचा विचार करता येईल का?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोच करू नये.

आयसीडी हे पेसमेकरचं थोरलं भावंड. जीवघेणी थरथर सुरू झाली तर ते छातीच्या आतून शॉक देतं. मिशेल मिरोव्स्की यांच्या चिकाटीतून ते घडलं आणि १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. त्याने वाचवलेल्या जिवांची संख्या मोठी आहे. पण त्याच्याही ऐकण्यात चूक होते, आणि इथे चुकीची शिक्षा कडक असते. शुद्धीत असलेल्या माणसाला बसणारा शॉक म्हणजे छातीवर कुणीतरी लाथ घातल्यासारखा अनुभव. नको असलेले असे चार-पाच शॉक खाल्लेले पेशंट पुढे घराबाहेर पडायला घाबरतात, झोपायला घाबरतात.

अशा नको त्या शॉकची कारणं अनेक. एट्रियल फिब्रिलेशनमुळे वाढलेली नाडी यंत्राला जीवघेणी वाटते. लीडमधली तार तुटते आणि तुटलेल्या टोकांच्या घर्षणाचा आवाज त्याला हृदयाची थरथर वाटतो. मेडट्रॉनिक कंपनीची स्प्रिंट फिडेलिस ही बारीक लीड जगभर सुमारे २ लाख ६८ हजार पेशंटना बसवली गेली होती. तार तुटण्याच्या प्रकारांमुळे कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये तिची विक्री थांबवली. तिसरं कारण आपल्या घरांशी थेट संबंधित आहे. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची. अर्थिंग नसलेल्या वॉशिंग मशीनमधून किंवा ओल्या बाथरूममध्ये गिझरमधून हाताला जेमतेम कळेल, कधी कळणारही नाही, इतका करंट शरीरात शिरला तरी आयसीडीला तो सेकंदाला पन्नास वेळा थरथरणाऱ्या हृदयासारखा ऐकू येतो आणि ते शॉक देतं. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. ज्या घरात आयसीडीचा पेशंट आहे, तिथे अर्थिंग तपासून घेणं हे औषधाइतकंच आवश्यक आहे.

इथेही सेटिंगने मोठा फरक पडला. २०१२ मध्ये मॅडिट-आरआयटी या १,५०० पेशंटच्या चाचणीत एका गटात आयसीडीला घाई करू नकोस असं शिकवलं गेलं. नाडी २०० किंवा त्याहून वर गेली तरच उपचार दे, नाहीतर हृदयाला आपणहून सावरायला वेळ दे. नको असलेले उपचार जुन्या सेटिंगच्या मानाने सुमारे ७९ टक्क्यांनी कमी झाले, आणि मृत्यूचं प्रमाणही ५५ टक्क्यांनी घटलं. यंत्र तेच, लीड तीच, फक्त वाट पाहण्याची शिकवण वेगळी.

पेसमेकर आणि आयसीडी सोडून हृदयात बसवल्या जाणाऱ्या इतर वस्तूही ताल बिघडवतात. मांडीच्या धमनीतून नेऊन बसवलेली महाधमनीची नवी झडप शेजारच्या वीजवाहक तंतूंवर दाब आणते आणि काहींना त्यानंतर पेसमेकर लागतो. लहान मुलांच्या हृदयातलं छिद्र बुजवणाऱ्या छत्रीसारख्या उपकरणानेही क्वचित तसंच होतं. छिद्र वरच्या पडद्यात असेल तर ते बंद केल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत एट्रियल फिब्रिलेशन दिसू शकतं.

घरगुती भीतींपैकी बऱ्याच अनाठायी आहेत. मिक्सर, टीव्ही, फ्रिज, सगळं खुशाल वापरावं. मोबाइल डबीपासून पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा, म्हणजे शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको, आणि चुंबक असलेले हेडफोन छातीवर लटकवू नयेत. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर पुरतं. दुकानाच्या दारातल्या चोरीविरोधी फाटकातून चालत निघून जावं, तिथे टेकून उभं राहू नये. वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कामावर परतू नये. कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं किंवा डोळ्याचं, तरी यंत्र आहे हे आधी सांगावं, कारण रक्त थांबवायला वापरलेल्या विजेच्या चाकूनेही यंत्र फसतं.

खरी अडचण तपासणीची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे गरीब पेशंटलाही आज पेसमेकर मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. पण बसवणारं इस्पितळ पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात, आणि पेशंट कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या गावात. एकदा टाके निघाले की बॅटरी संपेपर्यंत परत न फिरकणारे कितीतरी. त्यात प्रत्येक कंपनीचं यंत्र फक्त तिच्याच प्रोग्रॅमरला वाचता येतं. तालुक्याच्या डॉक्टरांना यंत्र कोणत्या कंपनीचं हे कळलंच नाही तर कुणाला बोलवायचं इथपासून प्रश्न सुरू होतो. त्यासाठीच बसवताना एक कार्ड दिलं जातं. त्यावर कंपनी, मॉडेल, क्रमांक आणि तारीख असते. ते कपाटातल्या फाइलमध्ये नाही, खिशात असायला हवं. प्रोग्रॅमर छातीवर टेकवला की यंत्राच्या स्मरणातला सगळा हिशेब पडद्यावर येतो. किती टक्के ठोके त्याने दिले, किती वेळा नाडी पळाली, कोणत्या दिवशी किती वाजता, लीडची अवस्था कशी, बॅटरी किती उरली. पेशंटने 'परवा संध्याकाळी सहाला धडधडलं' असं लिहून आणलं असेल तर ते त्या हिशेबाशी पडताळून पाहता येतं. अनेक नवी यंत्रं ही माहिती घरूनच पाठवू शकतात. ती सोय तुमच्या यंत्रात आहे का, हे विचारून घ्या.

पहिली तपासणी बसवल्यानंतर दोन-तीन महिन्यांत, मग पेसमेकरची वर्षातून निदान एकदा आणि आयसीडीची तीन ते सहा महिन्यांनी करायची असते. चक्कर येऊन पडणं, डबीच्या जागी लाली किंवा सूज, थांबत नसलेली उचकी, पोटाचा किंवा छातीचा स्नायू लयीत उडणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आयसीडीचा एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही बरं वाटत नसेल, तर थेट इस्पितळ गाठा. घरात कुणाला असं यंत्र असेल तर ते कार्ड आज शोधा, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि शेवटची तपासणी कधी झाली ते पाहा. वर्ष उलटून गेलं असेल तर काही त्रास नसला तरी या आठवड्यात वेळ घ्या.